एकाच पानावर अख्खा वर्ग : ऑनलाइन सहकार्याची साधनं पहिल्यांदाच वापरणाऱ्या शिक्षकांसाठी

शिक्षकांनी स्क्रीन शेअर केली, मुलांनी ती पाहिली, शेवटी ‘काही शंका?’ असं विचारून झालं आणि कुणीच काही बोललं नाही. असा तास ऑनलाइन असतो, पण विद्यार्थीकेंद्री नसतो. खडू-फळ्याच्या जागी स्लाइड आली, एवढंच. उलट, कागदाचे तुकडे वाटून मुलांना एकमेकांच्या उत्तरांवर शेरे लिहायला लावणारा शिक्षक वीज नसलेल्या खोलीतही विद्यार्थीकेंद्री तास घेत असतो.

म्हणून साधनांकडे वळण्याआधी आपल्या कुठल्याही एका तासाकडे बघून तीन गोष्टी तपासा. प्रश्न कोण विचारतं? उत्तराला पहिला प्रतिसाद कोण देतं? आणि काम चांगलं झालं की नाही, हे कोण ठरवतं? तिन्ही ठिकाणी ‘मी’ असंच उत्तर येत असेल, तर कितीही भारी ॲप आणलं तरी वर्ग जागचा हलत नाही. खालच्या पायऱ्या या तीन गोष्टी हळूहळू मुलांच्या हाती देण्यासाठी आहेत. सगळ्या एकाच महिन्यात उरकायची घाई करू नका.

पायरी १ : साधन एकच घ्या

नव्या शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पन्नास ॲपची यादी पाठवतं. ती बाजूला ठेवा. सहकार्याच्या साधनांचे प्रकार खरं तर मोजकेच आहेत. पहिला म्हणजे सामायिक दस्तऐवज: गूगल डॉक्स, ऑनलाइन वर्ड, इथरपॅड. दुसरा म्हणजे चिठ्ठ्या चिकटवायची भिंत, जसं पॅडलेट. तिसऱ्यात सामायिक स्लाइड आणि तक्ते. आणि हे सगळं एका जागी बांधून ठेवणारी व्यवस्था, म्हणजे गूगल क्लासरूम किंवा मूडल.

सुरुवात सामायिक दस्तऐवजापासून करा, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंत दिसायला सुंदर असते आणि पहिल्या दिवशी मुलं तिच्यावर खूश होतात. पण तिच्यावर लिहिलेलं बहुधा एका ओळीपुरतंच राहतं. दस्तऐवजावर वाक्य लिहिता येतं, ते बदलता येतं, त्यावर वाद घालता येतो आणि काय काय बदललं ते मागे जाऊन बघता येतं. शिकणं या बदलण्यात असतं.

कुणीही उघडावं आणि बदलावं असं पान ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, तेव्हापासूनची. एकजण टाइप करत असतानाच दुसऱ्याला अक्षरं उमटताना दिसावीत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा असावा, ही सोय २००८ च्या इथरपॅडने लोकप्रिय केली. इथरपॅड आजही मुक्त स्रोत आहे. खातं न काढता, नुसत्या दुव्याने चालणारं पान हवं असेल तर ते उपयोगी पडतं.

साधन निवडताना एक गोष्ट मात्र नक्की तपासा : आत घातलेलं काम बाहेर काढता येतं का? गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा अनेक शिक्षकांच्या रोजच्या वापरातला होता. ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. मुलांचं वर्षभराचं काम ज्या साधनातून पीडीएफ म्हणून किंवा साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घेता येत नाही, त्यात ते ठेवू नका.

पायरी २ : परवानग्या आधी, धडा नंतर

नवख्या शिक्षकाचा पहिला तास बहुतेक वेळा इथेच अडतो. दुवा पाठवलेला असतो, मुलं तो उघडतात आणि एकामागून एक ‘परवानगी मिळावी’ अशा विनंत्या येऊ लागतात. किंवा याच्या उलट होतं : सगळ्यांना सगळं बदलता येतं आणि दोन मिनिटांत तुमची सूचनाच गायब होते.

गूगल डॉक्समध्ये परवानगीच्या तीन पातळ्या आहेत. व्ह्यूअर फक्त वाचू शकतो. कमेंटर मजकुराला हात न लावता शेरे देऊ शकतो, बदल सुचवू शकतो. एडिटर थेट बदलू शकतो. धड्याची सूचना असलेलं पान व्ह्यूअर म्हणून द्या, गटाने लिहायचं पान त्या गटाला एडिटर म्हणून आणि दुसऱ्या गटाचं वाचायला द्यायचं पान कमेंटर म्हणून. एवढं पाळलं तरी निम्मे घोळ टळतात.

दुवा असलेल्या कुणालाही पान उघडता येईल अशी सोय ठेवली, तर मुलं पानावर नावाने दिसतीलच असं नाही. डॉक्स त्यांना ‘अनामिक’ म्हणून एखाद्या प्राण्याचं चित्र देऊन टाकतं. मुलांना याची फार मजा वाटते. पण मग कुणी काय लिहिलं, हे नंतर पानाच्या इतिहासातही, म्हणजे बदलांच्या नोंदीतही कळत नाही. नाव कळायला हवं असेल तर क्लासरूममधून किंवा ईमेलने नेमून पान द्या. ते शक्य नसेल, तर प्रत्येकाने आपल्या ओळीच्या शेवटी आद्याक्षरं लिहायची, असा नियम करा.

प्रत्येकाला वेगळी प्रत द्यायची असेल तर क्लासरूममध्ये गृहपाठ लावताना प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत बनवण्याचा पर्याय असतो. क्लासरूम वापरत नसाल, तर दुव्याच्या शेवटी जिथे ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द दिसतो, तिथपासून पुढचं सगळं खोडून ‘कॉपी’ हा शब्द इंग्रजीत टाका. दुवा उघडणाऱ्याला थेट ‘प्रत बनवायची का?’ असं विचारलं जातं. मूळ पान सुरक्षित राहतं.

तासाच्या आधी तुमचा दुवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा. तुम्ही स्वतःच्या खात्यात असताना सगळं छान उघडतं, त्यावर विसंबू नका. दुव्याने खुलं ठेवलेलं पान मुलांना कसं दिसणार आहे, ते या खिडकीत दिसतं.

वयाचाही विचार करा. गूगलचं खातं स्वतः सांभाळण्यासाठी बहुतेक देशांत किमान वय १३ वर्षं आहे, काही देशांत त्याहून जास्त. लहान वर्गांसाठी शाळेने दिलेली खाती किंवा खातंच न लागणारी साधनं वापरा आणि पालकांना आधी कळवा. खुल्या पानावर मुलांची पूर्ण नावं, फोटो, गुण यातलं काहीही नको.

पायरी ३ : पहिला तास गोंधळासाठीच ठेवा

पहिल्यांदा एकाच पानावर अख्खा वर्ग उतरला की काय होतं, हे ठरलेलं आहे. कुणी स्वतःचं नाव भल्या मोठ्या अक्षरांत लिहितं, कुणी रंग उधळतं, कुणी शेजाऱ्याचं वाक्य खोडून ‘मी नाही केलं’ म्हणतं. पानभर कर्सर नाचत असतात. हे होऊ द्या. त्यासाठी दहा मिनिटं राखूनच ठेवा आणि विषयही हलका द्या. हा गोंधळ टाळून थेट अभ्यासाकडे गेलात, तर तो अभ्यासाच्या तासात होतो.

दहा मिनिटं झाली की सगळ्यांसमोर ‘फाइल’ मेनूतून व्हर्जन हिस्टरी उघडा. कुठल्या मिनिटाला कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, सगळं रंगांसकट दिसतं. मग एका टिचकीत पान पाच मिनिटांपूर्वीच्या रूपात परत आणून दाखवा. वर्ग क्षणभर गप्प होतो. लिहिलेलं हरवत नाही आणि केलेलं लपत नाही, हे दोन्ही मुलांच्या एकदमच लक्षात येतं. नंतर वेगळे नियम सांगत बसावं लागत नाही. जे दोन-तीन हवेत, ते मुलांनाच त्याच पानावर लिहू द्या. ‘दुसऱ्याचं वाक्य त्याला विचारल्याशिवाय खोडायचं नाही’ हा नियम बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येतो.

यानंतर एक शिस्त तुम्ही पाळायची : कोरं पान कधीही देऊ नका. कोऱ्या पानावर पंचवीस जण एकदम लिहू लागले की ओळी वर-खाली पळतात आणि लिहिणारा आपलीच ओळ शोधत बसतो. आधीच तक्ता करून ठेवा, एकेका जोडीला एकेक ओळ, पहिल्या रकान्यात क्रमांक. गूगल डॉक्समध्ये एका वेळी शंभरपर्यंत उपकरणांवरून संपादन चालतं, पण तांत्रिकदृष्ट्या चालतं म्हणून तसं करायलाच हवं असं नाही. मोठ्या वर्गासाठी दोन-तीन पानं करा.

पायरी ४ : आधी सगळे लिहितील, मग कुणीतरी बोलेल

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात, याचा अभ्यास मेरी बड रो यांनी अमेरिकेत १९७० च्या सुमारास केला. सरासरी साधारण एक सेकंद निघाली. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, ती स्वतःहून प्रश्नही विचारू लागतात, असं त्यांना दिसलं. सामायिक पान हेच काम मोठ्या प्रमाणावर करतं. प्रश्न दिला, तीन मिनिटं शांतता, सगळे आपापल्या ओळीत लिहितायत. हात वर करणाऱ्या त्याच चार जणांपलीकडचा वर्ग तुम्हाला पहिल्यांदा दिसतो. एरवी तोंड न उघडणारी एखादी मुलगी कागदावर किती नेमकं लिहिते, हे तेव्हा कळतं.

यात एक अडचण आहे. सगळ्यांना सगळं दिसत असल्यामुळे पहिलं उत्तर आलं की बाकीची त्याच वळणाने येऊ लागतात. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाने काही लिहिलं, तर विचारूच नका. यावर दोन उपाय आहेत. पहिला साधा : आधी वहीत लिहा, मग पानावर उतरवा. दुसरा तांत्रिक : पॅडलेटवर चिठ्ठ्या तुमच्या मंजुरीनंतरच दिसतील अशी सोय चालू करा, सगळ्यांचं लिहून झालं की एकदम मंजूर करा. भिंत एका झटक्यात भरते आणि आपल्यासारखाच विचार आणखी कुणी केलाय का, हे मुलं स्वतः शोधू लागतात.

त्यानंतर जोडीत बोलणं, आणि मग वर्गासमोर. विचार करा, जोडीत बोला, सगळ्यांना सांगा, हा क्रम फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडला. पानामुळे त्यात भर पडते ती एवढीच, की जोडीत बोलल्यावर आपलं आधीचं उत्तर बदलता येतं आणि तो बदल नोंदला जातो.

पायरी ५ : धडा मुलांच्या प्रश्नांनी सुरू करा

इथपर्यंत प्रश्न तुमचे होते. आता ते मुलांकडे द्या. ज्वालामुखीचा धडा आहे असं धरू. पहिल्याच दिवशी पुस्तक उघडण्याऐवजी उद्रेकाचं एक चित्र पानावर टाका आणि खाली प्रत्येक जोडीला दोन प्रश्न लिहायला सांगा. उत्तर माहीत असलेले प्रश्न चालणार नाहीत, एवढी एकच अट.

‘लाव्हा किती गरम असतो?’ छापाचे प्रश्न पुष्कळ येतील. ते टाकून देऊ नका, त्यांची उत्तरं जोड्यांना पाच मिनिटांत शोधू द्या आणि पुढे चला. पण त्यातच एखादा असा येतो : ‘ज्वालामुखी एवढा गरम, तर तो फुटल्यावर जगात थंडी का पडली?’ कुणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं. इंडोनेशियातला तंबोरा १८१५ मध्ये फुटला आणि पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळा जवळपास आलाच नाही. या एका प्रश्नात भूगोल आहे, रसायन आहे, इतिहास आहे.

प्रश्नांचे गट करायचं काम मुलांवर सोडा. एकसारखे प्रश्न कापून एकत्र चिकटवायचे, प्रत्येक गटाला नाव द्यायचं, मग कुठले चार घ्यायचे यावर मत द्यायचं. मत देण्यासाठी प्रश्नापुढे एक खूण टाकली तरी पुरते. तुम्हाला हवा असलेला प्रश्न निवडला गेला नाही, तर तुम्हीही एका मताचे धनी आहात. अभ्यासक्रमातला एखादा भाग राहतोय असं वाटलं, तर तसं उघडपणे सांगा आणि तो प्रश्न तुमच्या नावाने यादीत घाला. मुलांनी निवडल्याचं नाटक करून आपलेच प्रश्न पुढे सरकवले, तर मुलांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी ती मनापासून लिहीत नाहीत.

पायरी ६ : काम असं वाटा की एकमेकांवाचून अडेल

‘चौघांनी मिळून प्रकल्प करा’ एवढंच सांगितलं, तर एकजण करतो आणि तिघे नाव लावतात. पानावर चौघांना लिहिता येतं, म्हणून चौघे लिहितात असं होत नाही. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. गट मोठा होत गेला, तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. ते निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गटकामाच्या प्रत्येक तासाला ते आजही लागू पडतात.

त्यावरचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे जिगसॉ पद्धत. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये ती आणली. वंशानुसार वेगळ्या ठेवलेल्या मुलांना तेव्हा नुकतंच एकत्र बसवलं गेलं होतं आणि वर्गात ताण होता. स्पर्धा कमी करून मुलांना एकमेकांची गरज पडावी, हा हेतू होता. ऑनलाइन पानांवर ती अशी बसवता येते.

वर्गाचे चौघाचौघांचे मूळ गट करा. प्रत्येक गटातल्या चौघांना चार वेगळे भाग द्या. ज्वालामुखीच्या धड्यात मॅग्मा कसा तयार होतो, ज्वालामुखीचे प्रकार, हवामानावरचा परिणाम आणि आसपासच्या लोकांचं जगणं असे चार भाग पडतील. आता एकच भाग मिळालेली सगळी मुलं तज्ज्ञ गट म्हणून एकत्र येतात. चार तज्ज्ञ गट, चार पानं. तिथे ती वाचतात, भांडतात, टिपणं काढतात. मोठ्या वर्गात प्रत्येक भागाचे दोन तज्ज्ञ गट करा, नाहीतर दहा जणांचा तज्ज्ञ गट होतो आणि रिंगेलमान परत आडवे येतात.

मग प्रत्येकजण आपल्या मूळ गटात परत जातो आणि बाकी तिघांना शिकवतो. मूळ गटाचं स्वतःचं पान असतं आणि त्यावर एकच प्रश्न असतो, जो चारही भाग जोडल्याशिवाय सुटत नाही : ‘तंबोरा आज फुटला, तर पुढची दोन वर्षं काय होईल?’ प्रश्न असा नसेल, तर मुलं चार परिच्छेद एकाखाली एक चिकटवून मोकळी होतात. जिगसॉ फसते ती बहुतेक वेळा याच जागी. त्यामुळे तयारीचा सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नावर घालवा.

वेळेचा अंदाज : तज्ज्ञ गटाला एक पूर्ण तास, मूळ गटाला दुसरा. एकाच तासात दोन्ही कोंबू नका.

पायरी ७ : दुरुस्ती नको, कमेंट हवी

शिक्षकाचा हात शिवशिवतो तो इथे. चुकीचं वाक्य डोळ्यांसमोर उमटत असतं, कर्सर शेजारीच असतो, आणि आपण ते नीट करून टाकतो. मुलांना त्यातून एवढंच कळतं की हे पान शेवटी सरांचं किंवा मॅडमचंच आहे. स्वतःवर बंधन घाला : मुलांच्या मजकुरात एक अक्षरही टाइप करायचं नाही. जे म्हणायचं ते कमेंटमध्ये, आणि शक्यतो मुलांच्या कमेंटनंतर.

मुलांना कमेंट कशी द्यायची ते शिकवावं लागतं. नाहीतर ‘छान’, ‘मस्त’ आणि अंगठ्याच्या चित्रांचा पाऊस पडतो. सुरुवातीला एकच साचा द्या : वाक्यातले नेमके शब्द निवडा आणि त्यांबद्दल एक खरा प्रश्न विचारा. मग पानाच्या कडेला काहीसं असं दिसू लागतं.

एका गटाचं वाक्य : ‘ज्वालामुखीची राख आकाशात जाते, अंधार होतो आणि थंडी पडते.’

दुसऱ्या गटातली मुलगी ‘राख’ हा शब्द निवडून विचारते : ‘राख तर थोड्या दिवसांत खाली पडते ना? मग थंडी पुढच्या वर्षी कशी पडली?’

लिहिणारा उत्तर देतो : ‘वाऱ्याने वरच राहिली असेल.’

तिसरा मध्ये पडतो : ‘हवामानवाल्यांच्या पानावर सल्फरबद्दल लिहिलंय, ते बघ.’

आणि थोड्या वेळाने वाक्य बदलतं : ‘स्फोटातून निघालेला सल्फर डायऑक्साइड खूप उंच जातो. त्यापासून बारीक थेंब तयार होतात आणि ते सूर्यप्रकाश परतवून लावतात. राख लवकर खाली येते, पण हे थेंब वर्ष-दोन वर्षं टिकतात.’

इथे शिक्षकाने काहीच केलं नाही असं वाटेल. सल्फरचा मजकूर तज्ज्ञ गटाच्या वाचनात आधीच ठेवणं, दुसऱ्या गटाला कमेंटची परवानगी देणं आणि मधल्या दहा मिनिटांत तोंड बंद ठेवणं, हे त्याने केलेलं असतं. ‘वाऱ्याने राहिली असेल’वर सगळेच थांबले असते, तर मात्र त्याने विचारायला हवं होतं : ‘हे कशावरून?’

थोडी मुरलेली मुलं असतील तर सजेस्टिंग मोड दाखवा. त्यात केलेला बदल सूचना म्हणून वेगळ्या रंगात दिसतो, आणि तो घ्यायचा की नाकारायचा हे मूळ लिहिणारा ठरवतो. नाकारताना कारण लिहायचं. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या मात्र शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. ऱ्हस्व-दीर्घावर वर्ग एकदा घसरला की आशयाकडे परत येत नाही.

पायरी ८ : कुणी किती केलं?

व्हर्जन हिस्टरी बघून गुण द्यायचा मोह होतो. तो टाळा. जास्त टाइप करणारा जास्त विचार करतो असं नाही. एकजण सांगतो आणि दुसरा लिहितो, अशा जोड्या असतात. फोन एकच असेल तर इतिहासात एकाचंच नाव दिसणार. इतिहास शंका आल्यावर बघण्यासाठी ठेवा. आणि कामाच्या शेवटी प्रत्येकाकडून दोन ओळी लिहून घ्या : मी काय केलं, आणि गटातल्या दुसऱ्या कुणामुळे माझं काम सुधारलं. दुसऱ्या ओळीतून खरं चित्र कळतं.

गुण देताना गटाचं एक आणि व्यक्तीचं एक असे दोन भाग ठेवा. व्यक्तीच्या भागासाठी जिगसॉनंतर छोटी चाचणी घ्या, ज्यात स्वतःच्या भागापेक्षा इतरांनी शिकवलेल्या भागांवर जास्त प्रश्न असतील. मग शिकवणाराही नीट शिकवतो आणि ऐकणाराही ऐकतो.

आता एआयबद्दल. दहा मिनिटं पान शांत असतं आणि अचानक एका क्षणात सफाईदार परिच्छेद येऊन पडतो, हे इतिहासात स्पष्ट दिसतं. तो एआयने लिहिलेला असेल, किंवा मुलाने दुसरीकडे लिहून इथे चिकटवलेला असेल. आरोप करू नका. त्यातल्या एका वाक्यावर प्रश्नाची कमेंट टाका. लिहिलेलं स्वतःचं असेल तर उत्तर येतं. आणि मसुदे पानावरच लिहायचे, बाहेरून चिकटवायचे नाहीत, हा नियम आधीपासून असला तर हा प्रसंग कमी वेळा येतो.

पायरी ९ : चांगलं कशाला म्हणायचं, ते मुलांना ठरवू द्या

हे जमायला वेळ लागतो, म्हणून इतक्या उशिरा सांगतो आहे. मूल्यमापनाचे निकष छापील देण्याऐवजी आधीच्या कुठल्यातरी वर्गातली दोन अनामिक कामं पानावर शेजारी शेजारी ठेवा. एक बरं, एक त्याहून चांगलं. यातलं कुठलं चांगलं आणि कशावरून, हे जोड्यांनी कमेंटमध्ये लिहायचं. कारणं गोळा केली की पाच-सहा निकष आपोआप निघतात, आणि ते मुलांच्या शब्दांत असतात. ‘आशयाची सुसंगत मांडणी’ या निकषाऐवजी ‘पुढचं वाक्य मागच्यातून आलं पाहिजे’ असं काहीतरी लिहिलेलं मिळतं. ते पानाच्या वर चिकटवा आणि त्यावरच गुण द्या. पहिल्या वेळी एखादा निकष सुटेल, पुढच्या वेळी मुलंच तो घालतील.

उपकरणं आणि इंटरनेट कमी पडलं तर

प्रत्येकाच्या हाती उपकरण असणं बरं, पण गरजेचं नाही. तिघांत एक फोन असेल तर टाइप करणारा दर दहा मिनिटांनी बदला. फोन ज्याचा तोच लिहिणारा, असं होऊ देऊ नका. लहान पडद्यावर मोठा तक्ता वाचता येत नाही, म्हणून तिथे रकाने दोनच ठेवा. टायपिंग अवघड जाणाऱ्यांसाठी बोलून लिहिण्याची सोय आहे, फक्त वर्गातल्या गोंगाटात ती चुकते, त्यांना कोपऱ्यात जाऊ द्या. गूगल डॉक्सच्या मोबाइल ॲपमध्ये एखादं पान ऑफलाइन वापरासाठी आधी निवडून ठेवता येतं. जोडणी परत आली की बदल वर चढतात. आणि नेट साफ गेलंच, तर कागदावर लिहा, फोटो काढा, घरून किंवा दुसऱ्या दिवशी पानावर टाका. दिसायला अडचण असलेल्या मुलांसाठी चित्रांना मजकुरातलं वर्णन जोडा आणि नुसत्या रंगावरून अर्थ लावावा लागेल असा तक्ता करू नका.

तास चालू असताना तुम्ही काय करायचं? सगळी पानं वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडून ठेवा, फेरी मारा, जिथे बराच वेळ काही हललेलं नाही त्या गटाजवळ जाऊन बसा. पडद्यावरून नव्हे, प्रत्यक्ष. वर्ग दूरस्थ असेल तर व्हिडिओ कॉलमधल्या त्या गटाच्या वेगळ्या खोलीत, म्हणजे ब्रेकआउट रूममध्ये जा. ‘कुठे अडलंय?’ असं विचारलं की ‘कुठेच नाही’ असं उत्तर येतं. ‘तुमचं दुसरं वाक्य मला वाचून दाखवा’ म्हटलं की अडलेलं बाहेर येतं.

सत्र संपल्यावर

शेवटच्या आठवड्यात पंधरा मिनिटं आवरासावरीला द्या. सगळ्या गटपानांची परवानगी व्ह्यूअरवर आणा, म्हणजे सुट्टीत कुणी गंमत म्हणून काही खोडणार नाही. ‘दुवा असलेल्या कुणालाही’ अशी खुली ठेवलेली पानं बंद करा. ज्या मुलांना आपलं काम जवळ ठेवायचं आहे, त्यांना स्वतःच्या खात्यात प्रत करून घेऊ द्या किंवा पीडीएफ उतरवू द्या. शाळेची खाती मूल शाळा सोडून गेल्यावर काढली जातात, आणि पान ज्याच्या खात्यात बनलं असेल त्या खात्याबरोबर तेही जाऊ शकतं. म्हणून गटाची पानं कुणा एका विद्यार्थ्याने नव्हे, तुम्ही बनवलेली असावीत. पुढच्या वर्षीच्या पायरी ९ साठी दोन-तीन कामं मुलांची परवानगी घेऊन, नावं काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.